पासष्टची थरथर

साठपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी चालायची. एकसष्टला ती विचारात पडायची, त्रेसष्टला स्टीअरिंगला बारीक कंप सुटायचा, आणि पासष्टला पुढचा सगळा भाग, म्हणजे बॉनेट, आरसे, डॅशबोर्ड आणि चालवणाऱ्याची हनुवटी, असा काही थरथरायचा की समोरून येणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ आपल्याला मानेनं नाही-नाही म्हणतोय. पंचाहत्तरच्या पुढे सगळं पुन्हा शांत होतं, असं गाडी देणाऱ्याचं म्हणणं होतं. पण पंचाहत्तरला पोचायचं तर वाट पासष्टवरूनच जाते, आणि तिथून पुढे जायची छाती निरीक्षकसाहेबांना होत नव्हती.

निरीक्षकसाहेब म्हणजे वजनमापे खात्याचे निरीक्षक. बाजारात दुकानदारांचे काटे तपासायचे, मापं तपासायची, खोटं सापडलं की पंचनामा करून जप्त करायचं, हे त्यांचं काम. दुकानदार त्यांना पाठीमागे 'मिलिग्रॅम' म्हणत. तोंडावर काही म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण साहेबांच्या खिशात शंभर ग्रॅमचं सरकारी शिक्क्याचं वजन कायम असे आणि ते कुठे बाहेर निघेल याचा नेम नसे. मुलगी झाली तेव्हा त्यांनी आधी दवाखान्याचा काटा तपासला आणि मग मुलगी हातात घेतली. काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. त्यामुळे पोरीचं वजन जन्मल्याबरोबर चाळीस ग्रॅमनं घटलं, आणि ही गोष्ट बायकोनं अजून माफ केलेली नाही. पोरगी आता शिकायला बाहेरगावी असते.

गाडी बायकोच्या भावाची. तो रस्त्यांचे ठेके घ्यायचा. त्यानं नवीन गाडी घेतली आणि ही अठरा वर्षांची, चारही चाकांना ताकद जाणारी, चढायला स्टूल लागावं इतकी उंच गाडी बहिणीच्या दारात आणून उभी केली. "दादाची गाडी आहे, तिला काही होत नाही," असं बायकोनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं. इथेच सगळी गोम होती. गाडी थरथरते असं साहेब म्हणाले की बायकोला माहेर थरथरतं असं ऐकू जायचं.

"तुला जाणवतंय का?" पहिल्याच फेरीत पासष्टला साहेबांनी विचारलं.

"का-का-काय?" बायको म्हणाली.

"हे-हे-हे."

"र-र-रस्ता ख-खराब आहे," असं म्हणून तिनं काच वर केली, जणू थरथर खिडकीतून आत येत होती.

रस्ता आदल्या महिन्यातच नवा झाला होता, आणि तो दादानंच केला होता. पण हे बोलून दाखवण्याइतके साहेब संसारात नवखे नव्हते.

आता आपल्याकडे एखाद्याच्या घरी सोनं आलं तर शेजाऱ्याला कळायला आठवडा लागतो, पण गाडीतला बिघाड मात्र जिन्यातून वर पोचायच्या आत कळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या नर्सबाई बाहेर आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलंही नाही. साहेबांचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कंप गाडीला आहे हे नक्की ना? कारण तुमच्या वयात तो बोटांपासून सुरू होतो. चहाचा कप हलतो का?"

"गाडीत बसल्यावरच हलतं हो सगळं."

"सगळे पेशंट असंच म्हणतात," नर्सबाई मायेनं म्हणाल्या.

समोरच्या घरातले सर शाळेत भूमिती शिकवायचे. ते खडू, ओळंबा आणि दोरा घेऊन आले आणि त्यांनी गाडीभोवती अशा काही रेघा मारल्या की पोस्टमनला वाटलं, इथे काहीतरी गुन्हा घडलाय. अर्ध्या तासानं ते गुडघे झटकत उठले. "साहेब, समांतर रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले. "तुमची चाकं मात्र पुढच्या चौकात मिळताहेत."

वरच्या मजल्यावर एक ऑडिटर राहत. त्यांनी गॅलरीतूनच विचारलं, "पासष्टला थरथरते ना?"

"हो."

"मग साठनं चालवा."

हा एवढाच शहाणपणाचा सल्ला त्या दिवशी मिळाला, आणि म्हणूनच तो सगळ्यांना बिनडोक वाटला.

साहेबांनी काम पद्धतशीर हाती घेतलं. एक वही केली. एका रकान्यात वेग, दुसऱ्यात थरथर. पहिला रकाना झटक्यात भरला. दुसऱ्यापाशी पेन अडलं. थरथर मोजायची कशात? सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकक नसलेली वस्तू त्यांच्यासमोर आली नव्हती. दुधाला लिटर आहे, कापडाला मीटर आहे, सळईला किलो आहे. थरथरीला काय? 'बरीच', 'फारच' हे काही खात्याला मान्य असलेलं माप नाही. रात्रभर विचार करून त्यांनी तोड काढली. बायकोच्या मांडीवर मोजपात्र ठेवायचं, ते पाण्यानं काठोकाठ भरायचं, आणि गाडी पासष्टला एक मिनिट ठेवून किती पाणी सांडतं ते बघायचं.

पहिल्या प्रयोगात सव्वीस मिलिलिटर सांडलं. दुसऱ्यात एकतीस. तिसरा प्रयोग झाला नाही, कारण बायकोनं उरलेलं पाणी वहीवर ओतलं.

ती ग्रंथालयात कामाला होती. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. "मी घरी जाते," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "चालत."

मग गाडी गॅरेजमध्ये गेली. तिथल्या फिटरनं गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं हातानं हलवून पाहिली आणि म्हणाला, "बुश गेलेत." बुश बदलले. थरथर तशीच. "मग बॉल जॉइंट." तेही बदलले. तशीच. "स्टीअरिंगचा डँपर." दर वेळी काम झाल्यावर तो गाडी घेऊन गॅरेजमागच्या गल्लीत एक चक्कर मारून यायचा. त्या गल्लीत चाळीसच्या वर वेग घेतला तर माणूस थेट न्हाव्याच्या दुकानात, खुर्चीसकट. "कुठे थरथरते साहेब?" तो दर वेळी निरागसपणे विचारायचा. शेवटी एकदा साहेबांनी त्याला हमरस्त्यावर नेऊन पासष्टला बसवला. तेव्हा त्यानं तोंडातली सुपारी गिळली आणि म्हणाला, "हे माझं काम नाही. टायरवाल्याकडे जा."

टायरवाला गोल अंगाचा, हसरा गडी होता. चाकाचं एका बाजूचं वजन जास्त भरलं की चाक फिरताना उड्या मारतं, म्हणून त्याच्याकडचं यंत्र चाक गरगर फिरवून कुठे किती कमी आहे ते सांगायचं. मग तो रिमच्या आतल्या बाजूला शिशाचे छोटे तुकडे चिकटवायचा. वीस ग्रॅम, दहा ग्रॅम, जसं लागेल तसं. साहेबांच्या चार चाकांना वीस-वीस ग्रॅमचे मिळून सात तुकडे लागले.

"आता लोण्यासारखी चालेल," टायरवाला म्हणाला.

पासष्टला साहेबांची हनुवटी पुन्हा हलली. त्यांनी परत जाऊन पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घेतली. खोट चाकात असेल तर थरथर मागे जायला हवी, असा हिशोब होता. चाकं मागे गेली. थरथर पुढेच राहिली.

दुसरा एखादा असता तर इथे त्यानं ओळखलं असतं की दोष चाकांत नाही. पण साहेबांचं मन वेगळ्या मुशीतलं. चाकांचा तोल शिशाच्या तुकड्यांवर अवलंबून, तुकड्यांवर छापलंय वीस ग्रॅम, आणि ते वीस आहेत हे कुणी तपासलंय? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर त्यांना जेवण जाईना. शेवटी ते उठले, अंगणात जाऊन डावीकडच्या चाकाचा एक तुकडा सोलून काढला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवला.

सतरा ग्रॅम.

तीनदा मोजलं. शिपायालाही बघायला बोलावलं. सतराच.

साहेब खुर्चीत बसले. एकीकडे गाडी होती, दुसरीकडे सव्वीस वर्षांची नोकरी. आपल्या गाडीच्या निमित्तानं सापडलेला गुन्हा हा गुन्हा असतो की घरगुती बाब, यावर खात्याच्या नियमपुस्तकात एक ओळ नव्हती. पण दहा मिनिटांनी त्यांचा हात आपोआप पावतीपुस्तकाकडे गेला.

"अहो साहेब, हे मोजायचं वजन नाही," टायरवाला काकुळतीला आला. "हे चिकटवायचं वजन आहे. यानं कुणी साखर मोजत नाही."

"त्यावर वीस छापलंय?"

"छापलंय."

"आहे सतरा. मग ते वजन नाही, थाप आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी दुकानातले वीस ग्रॅमचे सगळे तुकडे, चार डबे, जप्त केले. पंचनामा लिहून झाला. सही करता करता ते थबकले. असेच सहा तुकडे आणखी एका ठिकाणी होते. न्याय सगळ्यांना सारखा. साहेबांनी ऑफिसात मोजलेला तुकडा खिशातून काढून लिफाफ्यात घातला, दुकानासमोर उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीखाली ते उताणे झोपले, उरलेले सहा तुकडे सोलून काढले, त्याच लिफाफ्यात टाकले आणि लाख लावून सीलबंद केले. टायरवाला हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. त्याच्या दुकानात वीस वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

परत येताना गाडी पासष्टची वाट बघायला थांबली नाही. पंचेचाळीसलाच सुरू झाली.

आणि गावातल्या सगळ्या टायरवाल्यांनी त्या गाडीला हात लावणं बंद केलं. गाडी वळणावर दिसली की शटर खाली यायचं. एकानं तर यंत्रावर चादर टाकून 'मशीन माहेरी गेलंय' असं सांगितलं. बिचारा घाईत 'दुरुस्तीला' म्हणायचं विसरला असावा.

याच्यापुढे जे झालं ते साहेबांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पंधरा दिवसांनी ऑफिसात वरून पत्र आलं. टायरवाल्यानं तक्रार केली होती. 'सदर निरीक्षक यांची गाडी मुळात थरथरत नाही. नसलेल्या थरथरीचं निमित्त करून त्यांनी माझ्याकडून चाकांचं काम दोनदा करून घेतलं आणि शेवटी आकसानं माल जप्त केला.' सबब चौकशी नेमण्यात येत आहे. चौकशी अधिकारी गुरुवारी सकाळी अकरा वाजता समक्ष येऊन पुढील मुद्द्याची शहानिशा करतील. मुद्दा क्रमांक एक : सदर थरथर अस्तित्वात आहे काय.

साहेबांनी ते पत्र घरी आणून बायकोला वाचून दाखवलं. 'आकसानं' या शब्दापाशी त्यांचा आवाज फाटला. सव्वीस वर्षांत त्यांच्यावर 'कडक', 'खडूस', 'माणूसघाणा' असे आरोप झाले होते आणि ते त्यांनी प्रशस्तिपत्रासारखे जपले होते. पण आकस? ते जेवले नाहीत. पाणीसुद्धा मोजपात्रानं प्यायले, सवयीनं.

बायकोला ते बघवेना. नवरा चक्रम असला तरी आपला होता. बुधवारी तिनं ग्रंथालयातून रजा काढली, साहेब ऑफिसला गेल्यावर गाडीची किल्ली घेतली आणि चाळीसच्या आत राहत पलीकडच्या गावी गेली. तिथे मिलिग्रॅमची गाडी कुणी ओळखत नव्हतं. एका म्हाताऱ्या फिटरनं ती थांबवून घेतली, बाईंना चालवायला सांगितली, स्वतः शेजारी बसला, डोळे मिटले आणि थरथर तळपायातून येऊ दिली. मग एकच प्रश्न विचारला.

"बाई, ही गाडी आधी कुठे चालायची?"

"माझ्या भावाकडे. रस्त्याच्या कामावर."

म्हातारा गाडीखाली गेला. या जातीच्या गाडीत पुढच्या चाकांना ताकद पोचवायला मधून एक लांब दांडा पुढे गेलेला असतो आणि गाडी चालते तोवर तो गरगर फिरत असतो. त्या दांड्याच्या पार पुढच्या टोकाला, कुणाला सहजी दिसणार नाही अशा जागी, डांबराचा एक गोळा खडीसकट घट्ट बसला होता. वर्षानुवर्षांच्या ग्रीसनं आणि धुळीनं तो दांड्याचाच भाग झाला होता. म्हाताऱ्यानं छिन्नीनं तो उडवला, चाकांचा तोल नीट करून दिला आणि गोळा वर्तमानपत्रात बांधून बाईंच्या हातात ठेवला.

संध्याकाळी साहेब घरी आले तेव्हा टेबलावर ते पुडकं होतं.

"हे काय?"

"तुमची थरथर," बायको म्हणाली. मग खिडकीकडे बघत, तिनं पुढचं वाक्य बोलून टाकलं. "दादाचं डांबर आहे ते. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं. थरथरत होती."

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य ऐकायला साहेबांनी काय वाटेल ते दिलं असतं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे आता गाडी...?"

"मी ऐंशीनं आले. कपातला चहा हलला नाही."

"अगं, उद्या अकरा वाजता ती थरथरायला हवी होती."

बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दीड महिना थांबावी म्हणून घर डोक्यावर घेतलंत. आता थांबली तर थांबू नये म्हणताय. एकदा काय ते कागदावर लिहून द्या, मी तसं करीन."

गोळा परत चिकटवून ठेवावा असा विचार साहेबांच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यांनी त्याला दारातूनच हाकलला. पुराव्यात खोट करणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर पकडलं होतं. जे असेल ते सांगायचं आणि नोकरीचं काय व्हायचं ते होऊ द्यायचं, असं ठरवून ते झोपायला गेले आणि सकाळपर्यंत छताकडे बघत जागे राहिले.

चौकशी अधिकारी बसनं चार तास प्रवास करून थेट साहेबांच्या घरी आले. बारीक अंगाचे, इस्त्रीच्या कडक घडीचे. आल्या आल्या त्यांनी बसायला दिलेल्या खुर्चीचा पाय डुगडुगतो म्हणून त्याखाली कागदाची घडी घातली, ती घडी जास्त जाड झाली म्हणून एक पदर उलगडला, आणि मग बसले. साहेबांना त्या परिस्थितीतही त्यांच्याबद्दल आदर वाटला. टायरवाला नवा शर्ट घालून आला होता.

"गाडी दाखवा," अधिकारी म्हणाले.

"साहेब," निरीक्षकसाहेब उभे राहिले, "गाडी काल दुरुस्त झाली."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. "चौकशीतल्या वस्तूत फेरफार? कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या बायकोनं परस्पर केला."

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. तेही विवाहित होते.

टायरवाल्याला मात्र उकळ्या फुटल्या. "बघा साहेब, मी म्हणत होतो. गाडी थरथरत नाही."

"थांबा," अधिकारी म्हणाले. "गाडी दुरुस्त झाली असं हे म्हणतात. बिघडल्याशिवाय दुरुस्त होते का?"

"नाही."

"मग ती बिघडली होती."

टायरवाल्याचा चेहरा उतरला. अधिकाऱ्यांनी फॉर्म पुढे ओढला. "शिवाय माझ्याकडे सात रकाने आहेत. पहिला रकाना, थरथर. दुसरा, तिचं कारण. मी चार तास बसमध्ये बसून आलोय. रिकामा फॉर्म घेऊन परत जाणार नाही."

एवढ्यात बायकोनं पुडकं आणून टेबलावर ठेवलं आणि सोडलं. "कारण हे," ती म्हणाली.

टायरवाला गोळ्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे बाई, यानं थरथरत होती? माझ्या चाकांनी नव्हे?"

"तसं लावून बघितल्याशिवाय कसं कळणार?" अधिकारी म्हणाले.

आणि मग त्या अंगणात जे दृश्य दिसलं ते नर्सबाईंनी, सरांनी आणि ऑडिटरांनी आपापल्या गॅलऱ्यांतून पाहिलं. अधिकाऱ्यांना रकाने भरायचे होते, साहेबांना इभ्रत वाचवायची होती आणि टायरवाल्याला आपलं काम निर्दोष ठरवून हवं होतं. तिघांनाही ती थरथर परत हवी होती. साहेब आणि टायरवाला गाडीखाली शेजारी शेजारी उताणे पडले होते. एकजण गोळा धरत होता, दुसरा तारेचे वेढे देत होता. अधिकारी उकिडवे बसून, मान आत घालून, "मूळ जागी लावा, बोटभर पुढे झालाय," असं सांगत होते.

"साहेब, तार पकडा नीट," टायरवाला म्हणत होता.

"तू वेढा घट्ट दे. मी धरलंय."

दीड महिन्यात ते दोघं इतकं गोडीनं एकमेकांशी बोलले नव्हते.

हमरस्त्यावर बायकोनं गाडी चालवली. शेजारी अधिकारी फॉर्म घेऊन, मागे दोघं, आणि टायरवाल्याच्या मांडीवर काठोकाठ भरलेलं मोजपात्र. साठला शांत. एकसष्टला गाडी विचारात पडली. मागच्या सीटवर साहेबांनी डोळे मिटले आणि आयुष्यात प्रथमच मनापासून काहीतरी मागितलं.

पासष्टला गाडी अशी काही थरथरली की अधिकाऱ्यांचा चष्मा नाकावरून ओठावर आला.

"नों-नों-नोंद क-क-करा," ते म्हणाले. मग नोंद आपल्यालाच करायची आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "आ-आहे. अ-अस्तित्वात आ-आहे."

"ए-एकोणतीस मि-मिलिलिटर," टायरवाला आनंदानं ओरडला. सगळं पाणी त्याच्या नव्या शर्टावर होतं.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र कुणी मोजलं नाही.

गाडी कडेला घेऊन गोळा काढला. पुन्हा पासष्ट. गाडी लोण्यासारखी. पहिला रकाना भरला, दुसरा भरला. तिसऱ्यात गोळ्याचं वजन लिहायचं होतं. जवळच भाजीबाजार होता. अधिकारी आणि साहेब गोळा घेऊन पहिल्याच काट्यापाशी गेले. कांदेवाल्यानं कांदे बाजूला सारून गोळा पारड्यात घेतला, त्याच्या कपाळावर एक आठी आली, पण त्यानं चेहरा सरळ ठेवला. चारशे साठ ग्रॅम.

अधिकारी आकडा लिहिणार, तेवढ्यात साहेबांचा हात खिशात गेला. शंभर ग्रॅमचं वजन बाहेर आलं आणि गोळा उचलून त्याच्या जागी पारड्यात बसलं.

एकशे बारा.

साहेबांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी साहेबांकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यांनीही खिशात हात घातला आणि शंभर ग्रॅमचं वजन बाहेर काढलं. त्यांचं जरा जुनं होतं, पण शिक्का तोच.

"तुम्ही पण?" साहेब हळूच म्हणाले.

"एकतीस वर्षं," अधिकारी म्हणाले. ते जरा लाजले. "शेजारचाही काटा बघू या का?"

गाडीत बायको आणि टायरवाला अर्धा तास थांबले. मग आणखी अर्धा तास. दोघे अधिकारी बाजाराच्या त्या टोकाला पोचले होते आणि मेथीवाल्या बाईपाशी एकमेकांना "आधी तुम्ही", "छे, तुम्ही पाहुणे" करत होते.

"हे आता येत नाहीत," बायको म्हणाली आणि तिनं गाडी चालू केली.

टायरवाला आता पुढच्या सीटवर बसला होता. वाटेत तो म्हणाला, "बाई, ते सतरा ग्रॅमचं मला खरंच ठाऊक नव्हतं. मी डब्यावर छापलेलं वाचून घेतो. मलाही कुणीतरी वीस म्हणून सतराच दिलं की."

"मग तसं लिहून द्या. आणि तक्रार मागे घ्या. कागद समोरच्या कप्प्यात आहे."

त्यानं तिथेच, चालत्या गाडीत, मांडीवर कागद ठेवून तक्रार मागे घेतली. गाडी पासष्टला होती. अक्षर मोत्यासारखं आलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"गाडी झकास आहे हो बाई."

"दादाची आहे," बायको म्हणाली.

जप्त माल शहरातल्या मुख्य कचेरीत जमा करायला दोघे अधिकारी संध्याकाळच्या शेवटच्या बसनं निघाले. बरोबर अकरा जप्त काटे होते आणि चेहऱ्यावर शाळेची सहल करून आल्यासारखं तेज होतं. जागा पुढच्या चाकावरचीच मिळाली. बस जुनी होती, तिला शहरात शिरेपर्यंत एकाच वेगाचा ध्यास होता आणि तो वेग पासष्टचा होता. पण दोघंही मांडीवर कागद घेऊन पंचनामे लिहिण्यात इतके गढून गेले होते की त्यांना काहीच जाणवलं नाही.

त्या अकरा काट्यांचं प्रकरण सहा महिन्यांनी कोर्टात उभं राहिलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, पंचनाम्याचा कागद जवळ धरला, लांब धरला, उलटा धरून पाहिला. कारकुनाला दिला. कारकुनाला एक ओळ लागली नाही. शेवटी हस्ताक्षराच्या तज्ज्ञाला पाचारण करण्यात आलं, आणि त्यानं सही-शिक्क्यानिशी दिलेल्या अहवालावरून अकराही भाजीवाले निर्दोष सुटले. अहवालात म्हटलं होतं, 'मजकूर वाचता येत नाही. मात्र लिहिताना दोन्ही व्यक्ती कमालीच्या दहशतीखाली असाव्यात.'